छतातला कान

नवी पिकअप घरी आली त्या दिवशी माझ्या मायनं तिच्या छतात उदबत्त्या खोवल्या.

मी बाहेर चाकांना हळदकुंकू लावत होते आणि माय केबिनमध्ये चढून बसली होती. आरशाच्या वर, दिव्याच्या शेजारी, काळ्या प्लास्टिकचा तळहाताएवढा एक तुकडा बसवलेला होता. त्यात गोल रांगेनं बारीक भोकं पाडलेली होती, बरोबर उदबत्तीची काडी जाईल एवढी. मायला वाटलं, कंपनीनं देवाची सोय करून दिली. उदबत्त्या खाली तोंड करून जळू लागल्या, राख नव्या सीटवर पडायला लागली. मी ओरडत धावले, तेव्हा तिनं घाईघाईनं त्या ओढून काढल्या. एक काडी आतच मोडली.

"मग कायचे भोकं आहेत हे?" मायनं विचारलं.

मला सांगता येईना. अंगणात शेजारपाजारच्या बाया उभ्या होत्या आणि सगळ्या माझ्याकडंच बघत होत्या, कारण मी शिकलेली.

"वारा येत असंल तिथून," एक म्हणाली.

"वारा येते त्याची जाळी वेगळी आहे, हे पाह ना खाली."

"मग गाडी बोलते. माझ्या भाच्याच्या मोबाईलमधली बाई बोलते नाई का, डावीकडे वळा, उजवीकडे वळा."

"आपल्या गावात एकच रस्ता आहे. कुठी वळवते थे बाई तुले?"

सगळ्या हसल्या, मीही हसले. पण त्या भोकांचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, ते मला टोचत राहिलं. गाडीबरोबर आलेलं पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. हॉर्न, वायपर, जॅक ठेवायची जागा, सगळ्याची चित्रं होती. छताच्या चित्रात दिवा होता, शेजारी तो तुकडा नव्हताच. गडचिरोलीच्या शोरूमला फोन केला. तिथला टाय लावलेला मुलगा म्हणाला, "मॅडम, ते फीचर आहे."

"कशाचं?"

"कंपनीचं."

"पण त्याचा उपयोग काय?"

"मॅडम, तुम्ही निश्चिंत राहा. गाडी नवीन आहे."

ही गाडी मी का घेतली ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कोणी विचारलं तर मी म्हणते, धंद्यासाठी. गडचिरोलीत एका कार्यालयात नोकरी करत होते, पगारातून साठवत होते, गाडी चालवायला शिकले, नोकरी सोडली, गावी आले. हे सगळं खरं आहे. पण गाडी मी एका माणसाचा सूड घ्यायला घेतली.

आमचं गाव धानोऱ्याच्या पुढं, जंगलात. एसटी सकाळी एकदा येते आणि पोती चढू देत नाही. बाजाराच्या दिवशी मोहफुलं, हिरडा, चारोळी, धान काहीही धानोऱ्याला न्यायचं तर गावात एकच गाडी होती, जीपवाल्याची. पुढं दोन सीटा आणि मागं उघडा डाला. कोणाचं पोतं आधी चढणार, कोण आज राहणार, कोण कुठं बसणार, हे तो ठरवायचा. नाल्याजवळ जीप रुतली की बायांनी उतरून धक्का मारायचा, आणि जीप निघाली की तो थांबायचा नाही. पुढच्या चढावर जाऊन हॉर्न वाजवायचा. बाया पदर सावरत धावायच्या आणि तो आरशात बघून हसायचा.

मी बारावीत होते. उन्हाळ्याची सुट्टी होती. मायला हिवताप झाला होता आणि ती उभी राहू शकत नव्हती. तिला धरून मी चौकात आणलं. जीपच्या पुढच्या सीटवर कोणी नव्हतं. सीटवर जीपवाल्याचा दुपट्टा पसरलेला होता आणि त्यावर त्याचा डबा.

मी म्हणाले, "भाऊ, मायला पुढं बसू द्या ना. तिले लय ताप आहे."

"ते सीट ठेकेदार साहेबाचं आहे, पोरी. रस्त्यात चढतील."

"ते चढले की आम्ही मागं जाऊ."

तो मायच्या लुगड्याकडं बघून म्हणाला, "मोहाच्या वासाचं लुगडं घेऊन इथी बसवू काय तुह्या मायले? मग साहेब बसतील काय त्या सीटवर? चढ मागं, टाइम नको खाऊ."

आम्ही मागं चढलो. माय मोहाच्या पोत्यांवर आडवी झाली. भर उन्हात मी एक रिकामं पोतं दोन्ही हातांनी तिच्या तोंडावर धरून बसले. केबिनच्या मागच्या काचेतून मला पुढची सीट दिसत होती. दुपट्टा, डबा. धानोऱ्यापर्यंत ठेकेदार चढला नाही. कोणीच चढलं नाही. दुपट्टा तेवढा हवेनं हलत होता.

माय वाचली. त्यानंतर मी पुढं शिकले, ते काही लोकांमुळे. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींनी मला स्वतःच्या सायकलवर बसवून परीक्षेच्या केंद्रावर नेलं होतं. वसतिगृहातल्या बाईंनी मला पहिल्यांदा शहरातल्या बँकेत कसं बोलायचं ते शिकवलं. त्यांचे उपकार मी विसरलेली नाही आणि विसरणारही नाही. ज्या डोक्यात ते उपकार ठेवले, त्याच डोक्यात तो दुपट्टाही ठेवला. एकही गोष्ट कमी झाली नाही.

म्हणून पिकअप. मला जीपवाल्याची जीप चौकात रिकामी उभी असलेली बघायची होती. बस, एवढंच. आणि माझ्या पुढच्या सीटवर माझी माय.

पूजेच्या दुसऱ्या दिवशी तो गाडी बघायला आला. गावात असं असतं, कोणी नवीन काही घेतलं की बघायला जावं लागतं, आणि आलेल्याला चहा द्यावा लागतो. माझ्या मायनं त्याला चहा दिला.

तो चालकाच्या सीटवर बसला, गियर हलवून बघितला, हॉर्न दाबला. मग त्याची नजर वर गेली.

"मॅडम, हे काय आहे हो?"

मी कॉलेजला गेल्यापासून तो मला मॅडम म्हणायचा, आणि म्हणताना ओठ वाकडे करायचा.

"माहीत नाई, भाऊ."

"डिग्री घेतली आणि तुमच्याच गाडीतलं तुम्हाले माहीत नाई?" तो हसला. बोटानं त्या भोकांवर टकटक केलं, कान लावला, थोडा वेळ तसाच बसला. "बरं बरं," म्हणाला आणि उतरला. चहा अर्धा ठेवून गेला.

बाजाराच्या दिवशी मी सकाळीच गाडी चौकात नेऊन उभी केली. डाला स्वच्छ झाडलेला. बाया डोक्यावर टोपल्या, पोती घेऊन आल्या, माझ्याकडं बघून हसल्या आणि जीपकडं गेल्या. एक नाही, दोन नाही, सगळ्याच. शेजारची आत्यासुद्धा. ती माझी सख्खी आत्या नाही, गोंडाच्या घरची म्हातारी आहे, पण लहानपणी तिच्याच मांडीवर मी जास्त झोपले असेन. तिनं माझी नजर टाळली.

जीपवाल्यानं पोती चढवून घेतली. जाताना माझ्या खिडकीशी जीप हळू केली.

"काऊन मॅडम, रिकामी गाडी घेऊन कुठी निघाल्या? का आत कोणी आहे बोलायले?"

मला काहीच कळलं नाही. संध्याकाळी आत्याच्या घरी गेले. ती सूप घेऊन चारोळी पाखडत बसली होती.

"आत्या, माझ्या गाडीत काऊन नाई बसली?"

"तुह्या गाडीत कान आहे म्हणते, पोरी."

"कान?"

"वरती. थ्या भोकात. गाडीत कोण बसलं, कोण काय बोललं, सगळं तिकडं जाते."

"तिकडं म्हणजे कुठी?"

तिनं सूप थांबवलं. "तिकडं म्हणजे तिकडं. आता मी काय सांगू तुले."

आमच्या भागाबाहेरच्या माणसाला यात हसण्यासारखं वाटेल. आमच्याकडं कोणी हसत नाही. एका बाजूला वर्दीवाले, दुसऱ्या बाजूला जंगलातले, आणि मधल्या गावानं वर्षानुवर्षं एकच शिकलेलं आहे की आपलं बोलणं आपल्या कुडाच्या बाहेर जाऊ नये. कोण कोणाच्या घरी जेवलं, कोणी कोणाला रस्ता दाखवला, एवढ्यावरून माणसांचे हाल झालेले आमच्या बायांनी बघितले आहेत. जीपवाल्याला हे माहीत होतं. त्याला माझ्या गाडीचं इंजिन बिघडवायची गरज नव्हती. त्यानं फक्त वर बोट दाखवलं.

"कोण म्हणालं?" मी विचारलं.

"सगळेच म्हणतात."

"आत्या, पहिल्यांदा कोण म्हणालं?"

तिनं परत सूप हलवायला सुरुवात केली. उत्तर मला मिळालं.

पुढचे काही बाजार मी वेड्यासारखी समजावत फिरले. शिकलेल्या माणसाला वाटतं की नीट सांगितलं की लोकांना पटतं. मोबाईलवर शोधलं, चित्रं दाखवली. त्या चित्रांतल्या गाड्या माझ्या गाडीसारख्या नव्हत्या. बाया ऐकून घ्यायच्या, "होय ना बाई, होय ना" म्हणायच्या आणि जीपमध्ये चढायच्या. खरं सांगायचं तर मी तरी काय सांगत होते? कान नाही, हे मी सांगत होते. मग काय आहे, असं एकीनंही विचारलं असतं तर माझ्याकडं शब्द नव्हता.

आणि तो रोज चौकात होता. "मॅडम, आज कोणाचं ऐकून राह्यली गाडी?" पोरं हसायची. एकदा तर त्यानं माझ्या गाडीजवळून जाताना तोंडावर हात ठेवला आणि पाय न वाजवता चालला. सगळा चौक हसला. रिकामी गाडी घेऊन मी धानोऱ्याला गेले आणि रिकामीच परत आले, कारण घरी उभी ठेवली असती तर तो जिंकला असं झालं असतं. तसाही तोच जिंकत होता. येणारा मोहाचा हंगामही असाच गेला तर गाडी विकून मला परत गडचिरोलीला नोकरी शोधावी लागणार, हे मला दिसत होतं आणि त्यालाही.

एका दुपारी मी अंगणात गाडी उभी करून चाकू घेतला आणि माय म्हणाली, "हात कापशील," तरी त्या तुकड्याच्या कडेत चाकू घातला. तो कट्ट आवाज करून खाली आला. मायनं पदरात झेलला.

आत काही नव्हतं.

तुकड्यामागं एक छोटी पोकळी होती, त्यात प्लास्टिकचे दोन खुंटे. त्यांना काही जोडायचं असावं, पण जोडलेलं नव्हतं. वायरसुद्धा तिथपर्यंत येत नव्हती. पोकळीत राख होती आणि मोडलेली उदबत्ती.

मी परत शोरूमला फोन लावला. या वेळी टायवाल्याला सोडून मी वर्कशॉप मागितलं. तिथला माणूस म्हणाला, "वरच्या मॉडेलला तिथं फोनचा माईक असतो. गाडी चालवताना हात न लावता बोलायला. तुमचं बेस मॉडेल आहे ना? त्यात नाही येत. छत मात्र सगळ्यांना एकच लावतात."

मी फोन ठेवला आणि मला रडू आलं. एवढे दिवस मी ज्याच्याशी भांडत होते ते रिकामं होतं. मग लगेच आनंद झाला. मी उठले, तो तुकडा हातात घेतला. "चल माय, चौकात जाऊ. सगळ्यायले दाखवते. हे पाहा म्हणते, रिकामं आहे."

"बस खाली."

"काऊन?"

"तू दाखवशील. थो म्हणल, पाहा, आता काढून टाकलं. आधी होतं म्हणूनच काढलं." तिनं पदरातली राख झटकली. "त्यानं कान म्हणलं ना? राहू दे कान. लाव परत जाग्यावर."

"पण माय, मग बाया कशा बसतील?"

"लाव म्हणलं ना."

मी लावला. मला वाटलं मायला कळत नाही. दोन रात्री मी तिच्याशी नीट बोलले नाही.

आमच्याकडं मोहाचे दिवस आले की पहाटे बाया झाडाखाली जातात. प्रत्येक घराची झाडं ठरलेली असतात. खालचा पालापाचोळा आधीच झाडून, जाळून जमीन स्वच्छ केलेली असते, आणि रात्रीतून गळलेली पिवळी फुलं उजाडायच्या आत वेचायची असतात, नाहीतर जनावरं खाऊन जातात. एका झाडाखालून दुसऱ्या झाडाखाली बोललेलं ऐकू जातं. तिथं पुरुष फार येत नाहीत. माय रोज जायची. मी कधी जायचे, कधी नाही. ती तिथं काय बोलली ते तिनं मला सांगितलं नाही आणि मी त्या वेळी विचारलं नाही.

मग एका बाजारच्या दिवशी मी नेहमीसारखी गाडी चौकात लावली. आत्या आली. डोक्यावर मोहाची टोपली. ती जीपच्या बाजूनं चालत गेली, जीपवाल्यानं हात पुढं केला, आणि ती त्याला ओलांडून माझ्याकडं आली.

"डाला उघड, पोरी."

तिच्या मागून दुसरी आली, मग तिसरी. माझा विश्वास बसेना. डाला भरला. आत्या केबिनमध्ये आली, मधल्या जागेवर सरकून बसली, माय खिडकीशी. गाडी सुरू करायच्या आत आत्यानं मान वर केली आणि त्या भोकांकडं बघून मोठ्यानं, अगदी ठाण्यात सांगतात तशा आवाजात सांगायला सुरुवात केली.

"ऐकून राह्यला का रे बाबू? लिहून घे. मागच्या पावसात माझ्या सुनेले नाल्यावर उतरवून दिलं त्यानं. पोटात लेकरू होतं. धक्का मार म्हणे. थे पोरगी चिखलात बसली आणि हा हॉर्न वाजवत होता. कोण म्हणून विचारशील तर जीपवाला. आमच्याच गावचा. घर चौकातून दुसरं."

जीपवाला आपल्या जीपला टेकून उभा होता. त्याच्या हातातली तंबाखू तशीच राहिली.

मागच्या डाल्यातून एक जण ओरडली, "माझंही सांग ना बाई! माझं पोतं त्यानं फेकलं होतं म्हणून सांग!"

"तू ये ना पुढं, तूच सांग. त्याले आवाज पायजे."

मी मायकडं बघितलं. ती समोर रस्त्याकडं बघत होती, तोंडावर काही नव्हतं. तेव्हा मला कळलं की मोहाखाली काय बोलणं झालं होतं. गावातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं की त्या भोकांच्या मागं राख आणि उदबत्तीची काडी आहे. आणि एकीनंही आपल्या नवऱ्याला सांगितलं नव्हतं, कारण नवरे जीपवाल्याबरोबर बसून तंबाखू मळतात.

त्यानंतर हे दर बाजारी व्हायला लागलं. चौकातून निघेपर्यंत खिडक्या उघड्या, आवाज मोठा. एकेकीनं येऊन भोकांना सांगायचं. कोणाला उन्हात ठेवलं, कोणाच्या म्हाताऱ्याला अर्ध्या वाटेत उतरवलं. खोटं कोणी काही सांगत नव्हतं, सांगायची गरजच नव्हती. चौक संपला की खिडक्या वर जायच्या आणि सगळ्या पोट धरून हसायच्या. मी इतकी वर्षं एकटीच तो दुपट्टा डोक्यात घेऊन फिरत होते असं मला वाटायचं. प्रत्येकीकडं तसा एक होता.

जीपवाला आधी चिडला. "काय नाटक लावलं आहे?" म्हणाला. पण त्याची पंचाईत अशी होती की तिथं काय आहे हे त्यालाही माहीत नव्हतं. कान आहे हे त्यानंच गावाला सांगितलं होतं, इतक्यांदा आणि इतक्या जणांना की आता नाही म्हणायची सोय राहिली नव्हती. मग एकदा रस्त्यावर वर्दीवाल्यांची तपासणी लागली. सगळ्याच गाड्या थांबवत होते, माझीही थांबवली. त्याची जीपही थांबवली आणि विचारलं, माणसं मागं काऊन बसवता. एवढंच विचारलं आणि सोडून दिलं. पण त्या दिवशी गावात आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. चौकात बसून त्यानं तंबाखूही मागितली नाही. कोणीतरी सांगितलं, तो म्हणत होता, "त्यायले कसं माहीत मी मागं बसवतो म्हणून?" सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. त्याला मात्र वाटलं, गेलं तिकडं. आणि एका तिकडं गेलं तर दुसऱ्या तिकडंही गेलं असेल, हे आमच्या भागात कोणालाही वेगळं सांगावं लागत नाही.

मला फार बरं वाटलं. हे मी लपवून ठेवत नाही.

मग तो दिवस आला. बाजारचा दिवस, ऊन चढलेलं. धानोऱ्याच्या रस्त्यावर, अर्ध्या वाटेत, त्याची जीप बोनेट उघडून उभी. खाली तो एकटाच. डाल्यात एकही माणूस नव्हता. धानोऱ्याहून मिस्त्री आणायला त्याला पुढं जाणं भाग होतं आणि मागून दुसरी गाडी येणार नव्हती, हे मला आणि त्याला दोघांनाही माहीत होतं.

मी थांबले. न थांबता गेले असते तर तो सूड माझ्या एकटीचा झाला असता. केबिनमध्ये त्या दिवशी माय मधे आणि आत्या खिडकीशी होती. मागं मोहाची पोती, त्यावर चार बाया.

"मॅडम," तो म्हणाला. या वेळी ओठ सरळ होते. "धानोऱ्यापर्यंत..."

"या ना भाऊ," मी म्हणाले. "पुढं बसा. ऊन लय आहे."

आत्या लगेच उतरली. "बसा भाऊ, बसा. मी मागं जाते. तुमच्यासारख्या माणसानं मागं बसू नये."

तो दारापाशी आला. एक पाय पायरीवर ठेवला. आत वाकला आणि वर बघितलं. मायनं त्याला जागा करून दिली, सीटवरचा आपला डबा उचलून मांडीवर घेतला, आणि अगदी प्रेमानं म्हणाली, "बसा. काही बोलायचं असंल तर जरा मोठ्यानं बोला. हळू बोललेलं त्याले ऐकू येत नाई."

त्यानं पाय खाली घेतला.

"नाई बाई," तो म्हणाला. "मी मागंच बसतो. हवा लागते."

आत्या परत आपल्या जागी येऊन बसली. मागं बाया सरकल्या आणि पोत्यांवर त्याच्यासाठी मधोमध जागा केली. मी गाडी हळू चालवली, रस्त्यातले सगळे खड्डे घेत. केबिनची मागची काच सरकवलेली होती. माझ्या आरशात तो दिसत होता, डोक्यावर दुपट्टा ओढून, मोहाच्या पोत्यावर दोन्ही हात टेकून. उन्हानं पोती तापली होती आणि वास केबिनमध्येही येत होता.

मायनं वर बघितलं. तिला इतर बायांसारखं मोठ्यानं बोलता येत नाही. तिनं आतापर्यंत भोकांना कधीच काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं, साध्या आवाजात, एक एक गोष्ट. हिवताप. चौक. रिकामी सीट. दुपट्टा. डबा. तो ठेकेदार जो आलाच नाही. "माझी पोरगी पोतं धरून बसली होती," ती म्हणाली, "हात दुखले तरी खाली नाई घेतलं." मला हे माहीत नव्हतं की तिनं ते बघितलं होतं. मला वाटायचं ती तापात झोपलेली होती.

त्याला सगळं ऐकू आलं, कारण ते त्यालाच ऐकवायचं होतं.

धानोऱ्याला बाजाराच्या तोंडाशी मी गाडी थांबवली. तो खाली उतरला तेव्हा त्याच्या पांढऱ्या पँटला मोहाचा चिकट रस लागला होता. समोरच मोह खरेदी करणारा ठेकेदार खुर्ची टाकून बसला होता, तोच.

"काय हो, आज पोत्यावर?" ठेकेदार म्हणाला, आणि नाक जरा मागं घेतलं.

जीपवाला वळला. माझ्या खिडकीशी आला, इकडंतिकडं बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "मॅडम, खरं सांगा. थे खरंच जाते काय तिकडं?"

मी त्याच क्षणी सांगू शकत होते. चाकू गाडीतच होता, तुकडा काढून दाखवायला फार वेळ लागला नसता. माझ्या गुरुजींनी मला खरं बोलायला शिकवलं आणि मी बहुतेक वेळा बोलते.

"मले काय माहीत, भाऊ," मी म्हणाले. "तुम्हीच तर गावाले सांगितलं होतं. तुम्हाले माहीत असंल."

तो उभा राहिला. माय दुसऱ्या बाजूनं उतरून आपली टोपली घेत होती. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही.

जीप आता चौकात बहुतेक रिकामी असते. त्याच्या पुढच्या सीटवर कोणाचा दुपट्टा नसतो. म्हातारी बाई दिसली की तो स्वतः दार उघडतो, आणि ती म्हातारी "नको बाप्पा, माझी गाडी येऊन राह्यली" म्हणून माझ्याकडं येते. तो मला अजून विचारतो, बाजारच्या आदल्या दिवशी, चौकात कोणी नसलं की. थे बंद करता येते काय, मॅडम? आता तरी सांगा.

मी वर छताकडं बघते आणि ओठांवर बोट ठेवते.